वाचकांचे प्रश्न : गावचं पोस्ट आणि खात्याचा तोटा

टपाल खातं तोट्यात आहे, सुधारणा होणार म्हणतात, मग त्यात आमच्या गावच्या पोस्टाचं काय, अशा अर्थाची पत्रं विदर्भाच्या जवळपास सगळ्या जिल्ह्यांतून आली. त्यातले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. लांब पत्रं आटोपशीर केली, पण शब्द शक्यतो लिहिणाऱ्यांचेच ठेवले.

प्रश्न : आमचं गाव अठराशे वस्तीचं. शाखा डाकघर (बीओ) तोट्यात आहे म्हणून ते साडेचार किलोमीटरवरच्या गावात विलीन करणार अशी कुजबूज आहे. बीओ बंद केल्याने खात्याचा तोटा खरंच कमी होतो का? आणि ग्रामपंचायतीने काय करावं?
— ग्रामपंचायत सदस्य, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

आधी हिशेब. बीओत सहसा दोन माणसं असतात. एक शाखा डाकपाल, दुसरा थैली ने-आण करून वाटप करणारा सहायक. दोघंही ग्रामीण डाक सेवक. कमलेश चंद्र समितीच्या अहवालानंतर 1 जुलै 2018 पासून चार तासांच्या कामाला डाकपालाचा मूळ भत्ता 12,000 आणि सहायकाचा 10,000 रुपयांपासून सुरू होतो. जुलै 2025 पासूनचा 58 टक्के महागाई भत्ता धरला तर नव्याने लागलेल्या डाकपालाला 18,960 आणि सहायकाला 15,800 पडतात. दोघांचे मिळून वर्षाला 4 लाख 17 हजार. खोली डाकपालानेच द्यायची असते. तिच्यासाठी मिळणारा भत्ता इतका थोडा आहे की तालुक्याला त्यात पानठेल्याची जागासुद्धा मिळणार नाही.

आता बीओ बंद केलं समजा. टपाल तर वाटावंच लागणार. म्हणून सहायक शेजारच्या बीओत जातो आणि तिथून रोज साडेचार किलोमीटर सायकल मारत तुमच्याच गावात येतो. वाचला तर डाकपालाचा भत्ता वाचला, तोही त्याला दुसऱ्या रिकाम्या जागेवर घेतलं नाही तरच.

हेच देशाला लावून पाहा. 2018-19 च्या सुधारित अंदाजात खात्याचं उत्पन्न सुमारे 18 हजार कोटी होतं, पगार-भत्ते 16,620 कोटी आणि पेन्शन 9,782 कोटी. म्हणजे पगार आणि पेन्शन यांतच उत्पन्नापेक्षा 8,400 कोटी जास्त गेले. त्या वर्षी देशात शाखा डाकघरं होती सुमारे 1 लाख 30 हजार, आणि महागाई भत्ता होता 9 टक्के. सगळ्याच्या सगळ्या डाकपालांच्या जागा रद्द केल्या असत्या तरी सुरुवातीच्या भत्त्याने वाचले असते दोन हजार कोटींच्या आसपास. खड्ड्याच्या चौथाई. आणि गावातली बचत खाती गेली की उत्पन्नही गेलं, ते या हिशेबात धरलेलंच नाही. तोटा आहे हे खरं, पण तो गावात शोधणं म्हणजे विहिरीत पडलेली बादली आवारात हुडकण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट नियमाची. साध्या ग्रामीण भागात नवं बीओ उघडताना 3,000 वस्ती, जवळच्या पोस्टापासून 3 किलोमीटर अंतर आणि खर्चाच्या किमान एकतृतीयांश उत्पन्न अपेक्षित धरतात. डोंगरी आणि आदिवासी भागात वस्ती 500 आणि उत्पन्न 15 टक्के. म्हणजे खर्चाचा मोठा भाग भरून येणार नाही हे धोरणातच गृहीत आहे. तुमच्या बीओचा खर्च सव्वाचार लाख धरला तर त्याला वर्षाला 1 लाख 40 हजारांच्या आसपास उत्पन्न दाखवावं लागेल. अंतर तुमच्या बाजूचं आहे, वस्ती नाही. त्यामुळे सगळा भर उत्पन्नावर द्या.

ग्रामपंचायतीने भावनिक निवेदनाआधी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. अर्ज यवतमाळ विभागाच्या अधीक्षक डाकघर कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. फी 10 रुपये, ती पोस्टल ऑर्डरने भरता येते आणि पोस्टल ऑर्डर पोस्टातच मिळते. मागायचं एवढंच : गेल्या तीन वर्षांचं बीओचं वर्षवार उत्पन्न आणि खर्च, चालू बचत खात्यांची संख्या, ग्रामीण डाक जीवन विम्याचा जमा हप्ता, आणि बीओत बुक झालेल्या स्पीड पोस्ट-पार्सलांची संख्या. शेवटचा आकडा आला की बहुतेक गावांचं तोंड उतरतं. कारण लोक स्पीड पोस्ट करायला तालुक्याला जातात. उत्पन्न तालुक्याच्या पोस्टाच्या नावावर चढतं. बाहेरून आलेलं टपाल घरोघर पोचवण्याचं कष्ट बीओचं, पण त्याची कमाई जिथे तिकीट लागलं तिथली. ग्रामपंचायतीच्या नोटिसा, शाळेचे अर्ज, सोसायटीची पत्रं एवढं जरी गावच्या बीओत बुक झालं तरी वर्षभरात फरक दिसतो. त्यानंतर ठराव घ्या, आणि ठरावात पंचायतीच्या इमारतीतली तळमजल्याची, वीज असलेली खोली देऊ करा.

प्रश्न : पोस्टकार्ड अजून 50 पैशांना का विकतात? पाच रुपये केले तर तोटा भरून निघणार नाही का?
— निवृत्त मुख्याध्यापक, ता. रिसोड, जि. वाशिम

नाही. खात्याच्या 2016-17 च्या वार्षिक अहवालात एका पोस्टकार्डाचा सरासरी खर्च 12 रुपये 15 पैसे दिला होता, म्हणजे वसुली चार टक्के. आकडा डोळ्यांत भरतो, पण तो वाटून काढलेला खर्च आहे. पोस्टमन गावाला तीन कार्डं घेऊन गेला काय आणि तीस घेऊन गेला काय, फेरी तीच, पगार तोच. कार्डं जितकी कमी तितका एका कार्डावर बसणारा खर्च मोठा दिसतो. दर दहापट केला तर उरलीसुरली कार्डंही जातील, फेरी मात्र राहील. दर वाढवू नये असं नव्हे. पन्नास पैसे हा दर आता केवळ सवयीने टिकला आहे. पण सुधारणा म्हणून त्याकडे बोट दाखवणाऱ्याने अहवालाचं पुढचं पान उलटलेलं नसतं.

प्रश्न : डेन्मार्कने म्हणे पत्रवाटपच बंद केलं. ब्रिटनने पोस्ट विकलं. आपल्याकडे कुरियर आहेत, मग सरकारने हा पसारा कशाला सांभाळायचा?
— महाविद्यालयीन प्राध्यापक, ता. साकोली, जि. भंडारा

डेन्मार्कचं खरं आहे. तिथल्या पोस्टनॉर्डने 2025 च्या अखेरीस पत्रवाटप थांबवलं. पण तिथे सरकारी पत्रव्यवहार आधी जवळजवळ पूर्ण डिजिटल झाला होता. ब्रिटनने मात्र सगळं विकलं नाही. 2012 मध्ये वाटप करणारी रॉयल मेल आणि काउंटरवरची पोस्ट ऑफिसं वेगळी केली, 2013 मध्ये रॉयल मेल शेअर बाजारात आणली. पोस्ट ऑफिसं सरकारकडेच राहिली आणि त्यांना सरकारी पैसा द्यावाच लागतो.

आपल्याकडची मक्तेदारी तर कायद्याने संपलेलीच आहे. 1898 च्या कायद्यात पत्रं वाहण्याचा एकाधिकार सरकारकडे होता. डाकघर अधिनियम 2023 हा 18 जून 2024 पासून लागू झाला, त्यात तो नाही. तरी कुरियरवाला साकोलीपर्यंत येतो आणि पुढच्या खेड्यातल्या माणसाला फोन करतो, 'येऊन घेऊन जा.' तो चुकत नाही. एका पाकिटासाठी अठरा किलोमीटर जाणं त्याला परवडत नाही.

तेव्हा प्रश्न विकायचं की नाही हा नाही, तोट्याचे भाग कसे पाडायचे हा आहे. एक भाग पेन्शनचा. 1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे तो बोजा हळूहळू उतरणीला लागेल, आणि तो आजच्या कारभाराचा दोष नव्हे. दुसरा भाग प्रत्येक गावात टपाल पोचवण्याचा. ती सरकारची सामाजिक जबाबदारी आहे, तर तिचे पैसे अर्थसंकल्पात वेगळ्या ओळीत दाखवून द्यावेत. या दोन्ही गोष्टी बाजूला काढल्यावर जे उरेल तो खरा गैरकारभाराचा तोटा. त्याची विचारणा कठोरपणे व्हावी. आज तिन्ही एकाच पोत्यात आहेत, म्हणून कोणालाच जाब विचारता येत नाही.

टी. एस. आर. सुब्रमण्यम कृतिदलाने 2014 मध्ये बँक, विमा, टपाल असे उभे विभाग करून वर एक होल्डिंग कंपनी असावी असं सुचवलं होतं. वरच्या पातळीवर ते पटतं. पण बीओत उतरलं की अडतं. तिथे एकच डाकपाल चार तासांत पत्र बुक करतो, आरडी (दर महिन्याच्या ठेवीचा हप्ता) घेतो, विम्याचा हप्ता घेतो, अंगठा लावून पैसे देतो. त्याच्या भत्त्यातला किती वाटा बँकेने द्यायचा, किती विम्याने? हे दर ठरल्याशिवाय विभाग पाडले तर प्रत्येक विभाग कागदावर फायद्यात येईल आणि टपालाचा विभाग एकटा बुडालेला दिसेल.

प्रश्न : दर महिन्याला खाती उघडण्याचं टार्गेट येतं. मेळावे होतात, एका दिवसात शंभर खाती उघडा म्हणतात. यातून खात्याला खरंच उत्पन्न होतं का?
— शाखा डाकपाल, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उघडल्याने होत नाही, चालू राहिल्याने होतं. पोस्टातली बचत टपाल खात्याची नसते. ती राष्ट्रीय अल्पबचत निधीत जाते, आणि खाती सांभाळण्याबद्दल अर्थ मंत्रालय टपाल खात्याला मोबदला देतं. खात्याच्या उत्पन्नातला मोठा हिस्सा हाच. मोबदला मोजताना खातं जिवंत आहे का हे महत्त्वाचं. बचत खात्यात सलग तीन आर्थिक वर्षं व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय धरतात. आरडीचे चार हप्ते चुकले की ते बंद पडतं. मेळाव्यात शंभर रुपये भरून उघडलेली आरडी पाचव्या महिन्यात गेली, तर तिचा फॉर्म, पासबुक, केवायसी आणि सब-ऑफिसातल्या (बीओच्या वरच्या पोस्टातल्या) बाबूची पंधरा मिनिटं, सगळा खर्च खात्याच्या अंगावर पडला आणि हाती काही आलं नाही.

आरडीचे साठ हप्ते असतात. शंभर रुपयांच्या दोनशे आरडी उघडून दीडशे मेल्या त्यापेक्षा पाचशे रुपयांच्या चाळीस चालल्या तर तुमचं महिन्याचं काम पाचव्या हिश्श्याने कमी आणि जमा चौपट. अशा चालणाऱ्या आरडी कोणाच्या? अंगणवाडी सेविका, आशा, दूध घालणारे, किराणा दुकानदार, म्हणजे ज्यांच्या हातात दर महिन्याला पैसा येतो ते. निव्वळ कापसावर असलेल्या कास्तकाराला आरडी गळ्यात मारू नका. त्याला दिवाळीनंतर एकदाच पैसा दिसतो. त्याच्यासाठी मुदत ठेव किंवा किसान विकास पत्र. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या, तिला वर्षाला किमान 250 रुपये पुरतात आणि चुकल्यास दंड 50 रुपये.

एक धोका स्पष्ट सांगायला हवा. टार्गेट गाठायला काही ठिकाणी डाकपालच खिशातून पहिला हप्ता भरतो. ते करू नका. तुमच्या पैशाने दुसऱ्याच्या नावाचं खातं उघडलं की तपासणीत तुम्हालाच उत्तर द्यावं लागतं. विभागीय बैठकीत बोलण्याची संधी मिळाली तर एकच मागणी करा : टार्गेटची मोजणी बारा महिन्यांनी चालू असलेल्या खात्यांवर व्हावी.

प्रश्न : आमच्या बीओत तीन गावांच्या बाया लाडकी बहीण योजनेचे पैसे काढायला येतात. पहिल्या तासातच रोकड संपते. 'पैसेच नाही तं मशीन कायले आणली?' असं बाया विचारतात. काहींचा अंगठाही उमटत नाही, आणि दोघींचे खात्यातून कटले पण हातात पडले नाहीत.
— बचत गटाच्या अध्यक्ष, ता. अचलपूर, जि. अमरावती

तीन वेगळ्या अडचणी आहेत, वेगवेगळ्या सोडवाव्या लागतील.

रोकड. समजा तुमच्या तीन गावांत 210 लाभार्थी आहेत. गुणिले 1,500 म्हणजे 3 लाख 15 हजार. प्रत्येक बीओने किती रोकड बाळगायची याची मर्यादा ठरलेली असते. ती 50 हजार असेल तर तेहतिसाव्या बाईनंतर पेटी रिकामी. डाकपालाच्या हातात एवढंच आहे की आदल्या दिवशीच्या दैनिक हिशेबात, उद्या इतकी रक्कम द्यायची आहे, असं लिहून सब-ऑफिसकडे मागणी टाकायची. ती मागणी दुपारी थैली गेल्यावर फोनवर केली तर तिचा उपयोग नाही. सब-ऑफिसलाही स्वतःची रोकड बँकेतून आणावी लागते, आणि थैलीबरोबर नेता येणाऱ्या रकमेलाही मर्यादा आहे. म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी न येता गाव किंवा वॉर्डवार चार-पाच दिवस ठरवून घ्या. हे काम बचत गट चांगलं करू शकतो. यादी करा, बीओच्या दारावर लावा.

खरी कायमची सोय मात्र दुसरीच आहे : गावातलाच पैसा गावात फिरवा. किराणा दुकान, कृषी केंद्र, पिठाची गिरणी यांचा दिवसाचा गल्ला संध्याकाळी कुठे जातो? दुसऱ्या दिवशी अचलपूरला बँकेत. तोच सकाळी बीओत पोस्टाच्या खात्यात भरला तर पेटी भरते, आणि तासाभरात तीच नोट एखाद्या बाईच्या हातात जाते. दुकानदाराला बँकेची फेरी वाचते. अशी चार दुकानं जोडलेल्या बीओला सब-ऑफिसकडे हात पसरावा लागत नाही. पोस्ट पेमेंट्स बँकेच्या, म्हणजे टपाल खात्याच्याच वेगळ्या बँकेच्या, खात्यात दिवसअखेर दोन लाखांवर रक्कम ठेवता येत नाही, म्हणून दुकानदाराचं पोस्टाचं बचत खातं त्याला जोडून घ्यायला सांगा. वरची रक्कम तिकडे वळते.

अंगठा. वर्षानुवर्षं कापूस वेचून, निंदण करून बोटांच्या रेषा झिजतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोट फार कोरडं पडलं असेल तर ओल्या फडक्यावर हलकं टेकवा, यंत्राची काच पुसून घ्या. अंगठाच लागतो असं नाही, दहापैकी कोणतंही बोट चालतं. तर्जनी आणि मधलं बोट बहुधा कमी झिजलेलं असतं. 2025 मध्ये पोस्ट पेमेंट्स बँकेने चेहरा ओळखून व्यवहार करण्याची सोयही सुरू केली आहे, डाकपालाला ती वापरून पाहायला सांगा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रात बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतील.

कटलेले पैसे. व्यवहार फसल्याचं यंत्राने दाखवलं आणि खात्यातून मात्र रक्कम गेली, तर त्याच वेळी पावती किंवा पडद्यावरचा बारा आकडी आरआरएन (व्यवहाराचा क्रमांक) लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम पाच दिवसांत परत जमा करायची, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई. तक्रार ज्या बँकेतून पैसे कटले तिच्या शाखेत लेखी द्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि सगळ्या बायांना एक सांगून ठेवा. 'नाही झालं, पुन्हा अंगठा द्या' म्हटलं की आधी विचारायचं, पहिल्याचं काय झालं. मोबाइलवर संदेश येईपर्यंत किंवा फसल्याची पावती निघेपर्यंत दुसऱ्यांदा बोट ठेवायचं नाही. हे पोस्टातच नव्हे, कोणत्याही केंद्रात.

प्रश्न : आमचा गट हळद दळून विकतो. पुण्या-मुंबईहून फोनवर ऑर्डर येते. पोस्टाने पाठवली तर कधी चार दिवस, कधी नऊ. पाकीट फुटून पिवळं होऊन पोचतं. कुरियर जवळ नाही. काय चुकतंय?
— महिला गट, वायगाव परिसर, जि. वर्धा

वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिला पिशवीही तशी हवी. फुटण्याचं कारण बहुतेक वेळा झिपवाली पिशवी. थैली दाबली की आतली हवा झिप उघडते आणि पूड बाहेर येते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून हवा दाबून काढा आणि तोंड मशीनने दोन ओळींत गरम सील करा. ती दुसऱ्या पिशवीत, मग कडक पुठ्ठ्याच्या खोक्यात. मोकळ्या कोपऱ्यांत रद्दी कोंबा. खोकं हलवल्यावर आवाज आला तर ते वाटेत फुटणार. एका खोक्यात पाच पाकिटं असतील तर तीन पदरी पुठ्ठा पुरत नाही, पाच पदरी घ्या.

वजनाचं गणित फार जण चुकवतात. दर 500 ग्रॅमच्या टप्प्यांनी चढतो. अर्धा किलो हळद, पिशव्या, खोकं मिळून 570-580 ग्रॅम भरतं, म्हणजे तुम्ही एक किलोचा दर देता. 400 ग्रॅमचं पाकीट करा, खोक्यासकट 500 च्या आत बसतं. किंवा सरळ 900 ग्रॅमचं. पॅक झाल्यावर घरच्या काट्यावर तोला, मग किंमत ठरवा. खाद्यपदार्थ असल्याने पाकिटावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक हवाच.

पत्ता छापील, दोन बाजूंना, पिनकोड आणि मोबाइल नंबर मोठ्या अंकांत. तिसरी चिठ्ठी खोक्याच्या आत. तपकिरी टेपवर बॉलपेनने लिहिलेला पत्ता दुसऱ्या थैलीत पुसला जातो.

आता चार आणि नऊ दिवसांचा फरक. बीओची थैली दिवसातून एकदाच निघते. ती गेल्यावर आणलेलं पार्सल दुसऱ्या दिवसापर्यंत पेटीत. शनिवारी दुपारी आणलं तर सोमवारपर्यंत. पुढे सब-ऑफिस, तिथून नागपूरच्या आरएमएसमध्ये (रेल्वे डाक सेवेत) छाननी, मग रेल्वे किंवा विमान. यात बाकी टप्प्यांवर तुमचं काही चालत नाही, पहिल्यावर चालतं. थैली निघायच्या तासभर आधी पोचा, आणि 'ठेवून जा, बुक करतो' हे ऐकू नका. तुमच्यासमोर बुकिंग होऊन तेरा अक्षरी क्रमांकाची पावती हातात पडली तरच ते पार्सल निघालं असं समजायचं. सोमवार-मंगळवारी पाठवलेलं पार्सल रविवारच्या आत पोचण्याची शक्यता मोठी. माल पोचल्यावर पैसे ही सोय हवी तर घ्या, पण निघण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करून खात्री करा. परत आलेल्या पार्सलात हळदही मळते आणि दोन्हीकडचं भाडंही जातं.

महिन्याला तीसेक पार्सलं जात असतील तर विभागीय कार्यालयात मोठ्या ग्राहकांच्या कराराबद्दल विचारा. 1 ऑक्टोबर 2025 च्या स्पीड पोस्टच्या नव्या दरांबरोबर नव्या मोठ्या ग्राहकांना 5 टक्के सवलत जाहीर झाली आहे. खात्याच्या सुधारणेबद्दल बोलायचं तर तुमच्यासारखी पार्सलं हाच तिचा भक्कम रस्ता आहे. पत्रं परत येणार नाहीत. गावातून शहराकडे जाणारा माल आता कुठे सुरू होतोय, आणि गावात रोज जाणारी गाडी रिकामी परत येते.

प्रश्न : धुऱ्याच्या वादात भावाला रजिस्टर नोटीस पाठवायची आहे. पोस्टात म्हणाले रजिस्टर बंद झालं. मग पुरावा कसा राहणार?
— कास्तकार, ता. काटोल, जि. नागपूर

2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर कोणीही घेऊ शकतं, आणि तुमच्या वादात तेच अडचणीचं आहे. म्हणून बुक करताना 'नोंदणी' ही जादा सेवा मागून घ्या. 5 रुपये आणि जीएसटी. मग पाकीट ज्याच्या नावाचं त्यालाच किंवा त्याने अधिकार दिलेल्यालाच देतात. 50 ग्रॅमपर्यंत स्थानिक 19 रुपये, बाहेरगावी 47, जीएसटी वेगळा. पावतीवर नोंदणीचा उल्लेख आहे का तिथेच पाहा, घरी आल्यावर काही करता येत नाही. पोच झाल्याचा तपशील क्रमांक टाकून लगेच छापून ठेवा, आणि नोटिशीची सही केलेली प्रत पावतीला टाचून वकिलाकडे द्या.

प्रश्न : इथे रेंज नाही. मशीन घेऊन टेकडीवर जावं लागतं. पावसाळ्यात तेही जमत नाही. लोक पैसे भरायला येतात, त्यांना काय सांगू?
— ग्रामीण डाक सेवक, ता. एटापल्ली, जि. गडचिरोली

पैसे घेऊन कोऱ्या कागदावर लिहून देऊ नका, माणूस कितीही ओळखीचा असो. 2025 मध्ये सगळी पोस्टं एपीटी या नव्या संगणक प्रणालीवर आली, त्यामुळे व्यवहार यंत्रावर नोंदला गेला नाही तर तो झालाच नाही असं धरतात. पासबुक ठेवून घ्यावं लागलं तर त्याची छापील पावती द्या.

टेकडीवर जाणं हा उपाय नाही, पण ती फेरी ठरलेल्या वेळेची करा. आठवड्यातले दोन वार आणि तास ठरवून आशा कार्यकर्तीमार्फत पाड्यापाड्यावर कळवा, म्हणजे लोक तुमच्यासाठी थांबतील, तुम्ही रेंजसाठी नाही. यंत्रातलं सिम कोणत्या कंपनीचं आहे ते पाहा आणि गावात इतर कोणत्या कंपनीची रेंज कुठे मिळते याची नोंद करा : कोणतं ठिकाण, किती वाजता, किती वेळ. पंधरा दिवसांची अशी वही भरली की तिची नक्कल जोडून उपविभागीय निरीक्षकांकडे सिम बदलून मिळण्याची लेखी मागणी करा. 'रेंज नाही' या दोन शब्दांच्या तक्रारीवर काही होत नाही, तारखांच्या वहीवर होतं. बॅटरी टिकत नसेल तर त्याच अर्जात लिहा. आणि बंद पडलेल्या दिवसांची नोंद दैनिक हिशेबातही करत राहा, नाहीतर व्यवहार शून्य दिसलेले ते दिवस वर्षअखेरीस तुमच्या बीओच्या कमी उत्पन्नात मोजले जातात.